रोज ग्रहण घडवणारा उपग्रह

अग्रहार, म्हैसूर

प्रिय शांताआत्या,

आज अप्पांशी मलाच बोलावं लागलं, म्हणून तुला लिहायला बसले. खरं तर ते काम तुझं होतं. "बी.एस्सी. होऊ दे, बेंगळुरूला पुढे शिकायला पाठवायचं मी बघते," असं म्हणाली होतीस ना? मग निकालाच्या आधीच कशी गेलीस गं?

आपल्या घरातली पहिली पदवी! अप्पांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पेढा दिला आणि लगेच कानडीत म्हणाले, "साकु! एवढं पुरे. आता बँकेची परीक्षा दे."

मला मात्र सूर्याचा अभ्यास करायचाय. ते वेड तूच लावलंस. मी शाळेत असताना सूर्यग्रहणाला घरात दारं-खिडक्या बंद, लोणच्याच्या बरणीवर दर्भ. तू शाळेतल्या बाईंनी दिलेला ग्रहणाचा चष्मा घेऊन मला गच्चीवर नेलंस. मग स्वतःही बघितलंस. "अय्यो, कुणी चावलंय गं याला!" आणि ग्रहण सुटल्यावर टी. नरसीपूरला नेऊन नद्यांच्या संगमात बुडवून काढलंस. किती कुडकुडले होते मी!

सूर्य बघायला आपल्या देशाचा उपग्रह निघाला, तेव्हा ब्लाउजला हूक लावता लावता तू विचारलंस, "तिथे त्याला ग्रहण दिसतं का?"

तिथून सूर्य कधी झाकला जात नाही, मी म्हटलं. पण त्यातल्या एका दुर्बिणीत छोटी तबकडी आहे. ती सूर्याचं बिंब झाकते, तेव्हा कुठे भोवतीचं अंधूक प्रभामंडळ दिसतं.

"म्हणजे रोज ग्रहण? मग त्या शास्त्रज्ञांनी रोज आंघोळ करायची?"

"रोज करतच असतील ना, आत्या!"

"डोक्यावरून गं!"

पुढे ब्लाउज शिवायला येणाऱ्या प्रत्येकीला तू सांगायचीस, "आमच्या वीणाचा उपग्रह स्वतःच ग्रहण घडवतो." माझा उपग्रह! न शिकता इतकं कौतुक करायला तू कुठे शिकलीस?

तू गेल्यावर त्याने काय पाहिलं, ऐकायचंय? सूर्यावर मोठा भडका उडाला. खालच्या थरात जिथे उजेड वाढला, नेमकं त्याच्याच वरचं प्रभामंडळही तापलेलं दिसलं. खालची ऊर्जा वर कशी जाते, याचा माग लागतोय, आत्या! वाचताना अंगावर काटा आला आणि पहिल्यांदा तुझीच आठवण झाली.

आज दुपारी अप्पा दुकानात पँटला इस्त्री करत होते. मी सरळ सांगितलं, बेंगळुरूला जायचंय, सूर्याचा अभ्यास करायला.

"त्यात शिकायचं काय? रोज उगवतो."

"अप्पा, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा त्याच्या बाहेरचं प्रभामंडळ कितीतरी पट जास्त तापलेलं आहे."

त्यांनी इस्त्रीसमोर तळहात धरला, हळूहळू मागे नेला. "लांब गेलं की धग कमी होते. तिथे उलटं कसं?"

"तेच अजून कुणाला पुरतं कळलेलं नाही."

"तुझ्या उपग्रहालासुद्धा?"

मी त्यांना त्या भडक्याचं सगळं सांगितलं. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तरी ते ऐकतच राहिले. शेवटी पँटची घडी घालत म्हणाले, "शांता असती तर मला एवढं बोलूही दिलं नसतं. होगु, जा. पण कळलं की आधी मला सांगायचं."

आत्या, मी जातेय! जे उत्तर हाती लागेल, अर्धंमुर्धं का असेना, ते इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून आपल्या घरच्या मराठीत अप्पांना सांगेन. त्यांना पटेपर्यंत सांगेन. हा माझा तुला शब्द.

तुझीच,
वीणा