पापासाठी धुंडाळलेल्या खानावळी

४ नोव्हेंबर २००३, मंगळवार

पापानं आज पुन्हा ताट परत केलं! दोन तास राबले होते. काळा घेवडा, भात, मऊ शिजवलेलं डुकराचं मांस. एक चमचा तोंडात घेतला, घोळवला, कसाबसा गिळला आणि ताट सरकवलं. ऑगस्टमध्ये घशाच्या गाठीवर किरणं देऊन झाली, तेव्हापासून हे असंच. डॉक्टरीणबाईंनी काल बजावलं — वजन आता ११८ पौंड आहे, ११०च्या खाली गेला की पोटात नळी.

नळी नको. एव्हारिस्तोला शेवटी नळीच होती. नवऱ्याचं बघितलं, आता बापाचं बघायचं? माझ्यात तेवढं बळ नाही.

संध्याकाळी म्हणतो, "तुझ्या हाताला चव नाही, सोराइदा. तुझ्या आईच्याही नव्हती. मला खानावळीतलं आण. आपलं, चिनी-क्युबन." क्युबाहून आलेला चिनी, एकतीस वर्षं ब्रॉडवेवरच्या अशाच खानावळीत कढईपुढे उभा राहिलेला माणूस. त्याला दुसरं काय आठवणार? म्हटलं, फोन करून मागवते. तर भडकला! "डब्यातलं जेवण खोटं बोलतं. तिथे जाऊन बसायचं. स्वतः खायचं. चांगलं असेल तरच माझ्यासाठी बांधून आणायचं."

ठीक आहे. एवढं तरी करू.

६ नोव्हेंबर

पापाच्या खानावळीच्या जागी मोबाइलचं दुकान. हे माहीत होतं, तरी तिथे पाच मिनिटं उभी राहिले. पुढच्या चौकातल्या 'सिएते लोतोस'ला कुलूप. त्यापुढची 'ला गार्सा' चालू आहे, पाटीही तीच, पण मालक नवे. पोऱ्यांना स्पॅनिश येत नाही. भात कोरडा ठणठणीत. दोन घास खाऊन उठले.

घरी आल्या आल्या पापाचा पहिला प्रश्न — "ताटात काय उरलं?"

"सगळंच."

"मग वाईट आहे हे कळलं कसं तुला? अगं, आम्ही आतून गिऱ्हाइकाचं तोंड कधी बघत नव्हतो. परत आलेलं ताट बघायचो. गिऱ्हाईक खोटं बोलतं, ताट बोलत नाही. निम्मं तरी संपव, मग बोल."

म्हातारा आजारी आहे म्हणून ऐकून घेतलं. नाहीतर सुनावलं असतं.

९ नोव्हेंबर

एकशे पंचविसाव्या रस्त्याजवळ एक. निम्मं ताट संपवलं, अगदी औषध घेतल्यासारखं. बैलाच्या शेपटीचा रस्सा बरा होता. बांधून आणला. पापा: एक चमचा. "पातळ."

१८ नोव्हेंबर

आतापर्यंत सात झाल्या. ब्रॉंक्समध्ये दोन, त्यातली एक बंद. जी सापडते ती बंद पडलेली, नाहीतर विकलेली. आमची माणसं म्हातारी झाली, पोरं डॉक्टर-वकील झाली, कढईपुढे उभं कोण राहणार? पापाला सांगितलं तर म्हणाला, "मीही तुला उभं राहू दिलं नसतंच."

घागऱ्याला कमरेत अजून एक पिन लावली. शिवणयंत्रावर लोकांचे कपडे दिवसभर आत घेते, सैल करते, स्वतःचा घागरा मात्र पिनांवर! सुताराच्या घरी मोडका पाट, त्यातली गत.

आज जेवताना शेजारी एक बाई बसली होती, क्युबातल्या मातान्सासची. "एकटीच?" म्हणाली. हो म्हटलं. तेवढंच. पण परत येताना बसमध्ये डोळ्यांना धार लागली ती थांबेना.

२७ नोव्हेंबर

सणाचा दिवस. सगळीकडे बंद. पापानं डब्यातलं औषधी दूध घेतलं, मी कॉफी आणि खारी बिस्किटं, ओट्याशी उभ्यानंच. एप्रिलमध्ये एव्हारिस्तो गेला, तेव्हापासून मला टेबलाशी बसवत नाही. समोर त्याची खुर्ची येते.

पापा आतून बघत होता.

३ डिसेंबर

दवाखान्यात ११३. पापा म्हणाला, "हा काटा बिघडलाय. पोरी, तू उभी राहा, खात्री करून घेऊ." नर्स योकास्ता हसली, मीही हसत चढले. ९४. मला वाटलं, खरंच बिघडला असणार.

पापा त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला. बसमध्ये अर्ध्या वाटेवर म्हणाला, "काटा बरोबर आहे." आणि मग, "उद्या क्वीन्सला जा."

मनात म्हटलं, पाच पौंड गेले तुझे आणि मला उंडारायला पाठवतोस!

१४ डिसेंबर, रविवार

सापडली! क्वीन्समध्ये, दोन गाड्या बदलून. 'एल पाव्हो आसुल.' आठ टेबलं, एक काउंटर, मालक फर्मिन चिओंग, तोही क्युबाचाच, सिएन्फुएगोसचा, वय ऐंशीच्या घरात, मिशा पापासारख्याच चार केसांच्या.

"काय गं, मयताला आल्यासारखी बसलीस? खा! गार झालं तर मी पैसे घेत नाही आणि परत येऊही देत नाही."

तळलेला भात, त्यावर शिजून सुटलेले मांसाचे धागे, बाजूला पिकल्या केळ्यांचे काप, कडा करपून काळ्या झालेले. पहिल्या घासाला मी आठ वर्षांची झाले. बापाचं नाव सांगितलं तर म्हातारा ओरडलाच — "लिओन्सिओ एंग? तो उर्मट? माझ्या भावाच्या डोक्यात झारा घातला होता त्यानं! जिवंत आहे? बरं झालं. त्याला म्हणावं, भाऊ अजून शिव्या देतो."

सगळं ताट संपलं. वर सूप, वर दुधाची कॉफी. एप्रिलनंतर पहिल्यांदा पोट भरलं, आणि भरल्याबरोबर शरम वाटली. बाप तिकडे उपाशी आणि मी इथे बोटं चाटतेय!

घरी धावत आले. पापानं सगळं ऐकलं, दोनदा ऐकलं. "झारा नव्हता, झाकण होतं," म्हणाला. "ताटात काय उरलं?"

"काही नाही! भाताचं शीतसुद्धा नाही!"

हसला. हसता हसता खोकला आला, पाठ चोळावी लागली. मग मी डबा उघडला, चमचा दिला. तोंडात धरला, कष्टानं गिळला.

"आलं जास्त."

माझा तोल गेला. काय काय बोलले! तुला जगायचंच नाहीये. मी उन्हातान्हात, बर्फात दारोदार फिरतेय आणि तुझी नाटकं संपत नाहीत. एव्हारिस्तो गेला तो गेला, तूही जा! — हे मी बोलले. माझ्या तोंडून निघालं.

पापा म्हणाला, "बरं. उद्या अजून एक बघ. आलं कमी असलेली."

२४ डिसेंबर

फर्मिनकडे. आता काउंटरवर माझी जागा ठरलेली आहे. मी नसेन तर तो विचारतो म्हणे. पापाला डबा: दोन चमचे. "मीठ."

८ जानेवारी २००४

१०९.

घासाघीस न करता पापानं नळीच्या कागदावर सही केली. मी वऱ्हांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. दोन महिन्यांत एक ताट मिळालं नाही मला त्याच्या पसंतीचं. सोळा खानावळी! हरले मी.

१३ जानेवारी

नळी बसली. पापा झोपेत असताना योकास्ताजवळ मन मोकळं केलं — सोळा खानावळी फिरले, आणलेल्यातल्या एकाचीही चव त्याला आवडली नाही.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "चव? बाई, त्यांची चव ऑगस्टमध्येच गेली, किरणांनी. त्यांना गोड-खारट काहीच कळत नाही. त्यांनीच बजावलं होतं, मुलीला सांगू नका म्हणून. तिला कळलं तर ती घराबाहेर पडायची नाही, आणि घरात ती जेवत नाही."

पापाला जाग आली. आवाज नव्हताच. ओठांनी विचारलं — आज कुठे जेवलीस?

अजून नाही, पापा, म्हटलं. जाऊन येते.