पांढऱ्या रमवरचा माझा शेरा

सर, परवा मी एका पांढऱ्या रमवर चुकीचा शेरा दिला, तोही सहीसकट. ही चूक नीट समजेल असा माणूस तुमच्याखेरीज मला माहीत नाही, आणि तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. म्हणून लिहायला बसले.

माझी भाची तुम्ही पाहिलेली नाही. अमौसीला विमानतळावर एका विमान कंपनीत चांगली नोकरी होती, ती सोडून निशातगंजातल्या एका लहान हॉटेलात बार सांभाळायला लागली आहे. शुक्रवारी बार उघडायचा होता. निम्मी कॉकटेलं पांढऱ्या रमची, त्यामुळे ती परवडणारी हवी आणि पिणारा पुन्हा यायलाही हवा. मालकाने बजावलं होतं, "एक बार माल आ गया तो पूरा सीज़न वही चलेगा. नहीं चला तो आप जानो." म्हणून ती माझ्याकडे आली. "मावशी, आपने तो ज़िंदगी भर यही किया है. बस सूँघ के बता दो ना." मी म्हटलं, असं उभ्या उभ्या होत नाही. चार बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळ, नंबर घाल, मला नावं कळता कामा नयेत. जेवणाआधी बसू. आणि अत्तर लावून येऊ नकोस.

अत्तराचं वाक्य तुमचंच आहे. बी.एस्सी. होऊन मी डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात चमेलीचं तेल लावून टेबलाशी बसले होते. तुम्ही दारातच थांबलात. "बाई, तुम्ही नमुना तपासताय की नमुना तुम्हाला? जा, डोकं धुऊन या." भर दुपारी बस धरून आलमबागला घरी, बाबांच्या रेल्वे क्वार्टरवर गेले, डोकं धुतलं, ओल्या केसांनी परत आले. बाबा चिडले होते, मी तर रडतच होते. तुम्ही पुढे चार ग्लास सरकवलेत. निम्मं पाणी घालायचं, वर काच झाकायची, थांबायचं, मग नाक. त्या दिवसापासून मला वास दिसायला लागले असं मी म्हणते.

परवा तसंच केलं. एक नंबरला नेलपॉलिशचा वास होता, चारला जळकट. तीनमध्ये कच्चं केळं, काकवी आणि शेवटी घशाला लागणारा खडबडीतपणा. दोन मात्र स्वच्छ, हलकी, बोट ठेवायला जागा नाही. कागदावर लिहिलं, दोन नंबर उत्तम, तीन ओबडधोबड, आणि सही केली. मालकही भाचीसोबत आला होता, शेजारीच बसला होता. "मैडम ने पास कर दिया," म्हणत त्याने ऑर्डर द्यायला फोन काढला.

भाची तोवर लिंबू पिळत होती. साखर, बर्फ, दोन नंबरची रम. एक घोट घेऊन ती माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, रम कहाँ गई?" मी चाखलं. निव्वळ लिंबूसरबत. मग तिने तीन नंबरचा ग्लास बनवला, आणि तो खडबडीतपणा लिंबाच्या आंबटाला असा भिडला, की रसवंतीवर ताजा ऊस पिळून घेतल्यासारखं वाटलं. सर, आयुष्यभर आपण दोष हुडकले. जिच्यात दोष नाही तिच्यात काही आहे का, हे लिंबूसाखरेत घालून बघायचं आपल्या टेबलावर कधी कुणाला सुचलं नाही. तुम्हालाही नाही.

मालक फोनवर नंबर दाबत होता. गप्प बसले असते तर कुणी मला बोललं नसतं; पोरीचा बार मात्र पहिल्याच महिन्यात बसला असता. तेव्हा डिस्टिलरीच्या फाटकाशी उभा असलेला तो टँकर माझ्या डोळ्यांपुढे आला. तुम्ही पास केलेला माल. सकाळी मी आदल्या दिवशीच्या नमुन्याचा रिकामा ग्लास हुंगते आहे, ओल्या गोणपाटाचा वास येतो आहे, सांगायचं धाडस होत नाही. तुम्ही माझ्या हातून ग्लास घेता, एकदाच हुंगता आणि चालत फाटकाशी जाता. मॅनेजर ओरडतो, "टैंकर भर चुका है साहब!" तुम्ही म्हणता, "तो खाली होगा. ग़लती मेरी है, लड़की की नाक सही है." सगळ्यांसमोर. मी नोकरीला लागून सहा महिने झाले होते.

मी म्हटलं, "भैया, फोन रखिए. मैंने ग़लत लिखा है. तीन नंबर मँगाइए." तो हसला. "मैडम, अभी तो दो नंबर उत्तम था?" मी म्हटलं, "मैं ग़लत थी. पी के देखिए." त्याने दोन्ही प्यायले, आणि फोन पुन्हा उचलला तो तीनसाठी. भाचीने टेबलाखाली माझा हात दाबला.

त्या टँकरबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मोठी माणसं असं वागतातच, असं धरून चालले. तसं नसतं, हे पुढे इतर साहेबांच्या हाताखाली कळलं. तोवर तुम्ही निवृत्त होऊन साताऱ्याला गेला होतात.

एक कबुली राहिली. चाखलेलं थुंकायचं हा आपला नियम, पण तीन नंबरचा ग्लास मी सगळा प्यायले. भाचीला म्हटलं, खात्री करून घेतेय.

हे पत्र कुठे टाकणार? शेऱ्याचा कागद मात्र पोचला. जुन्या शेऱ्यावर एक रेघ, खाली नवा शेरा, आजची सही; सोबत तीन नंबरची उरलेली बाटली. दोन्ही भाचीच्या हाती दिलं.