अप्पांनी मला मैदानात का उतरवलं नाही

सोम., २ फेब्रु.
काल अप्पांचं तेरावं झालं. पाहुणे गेले. त्र्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याची एक कॉट काढली तर खोली केवढी मोठी दिसते.
कुणाला सांगितलं नाही, इथे लिहितो. तिरडी चाळीच्या जिन्यावरून उतरवताना पुढचा एक खांदा माझा होता. वळणावर छातीत काहीतरी फडफडलं, डोळ्यांपुढे काळं झालं. मंडळाच्या संजूने मागून काखेत हात घालून सावरलं. "रड रे, रड," म्हणाला. मी रडत नव्हतो.
वैशालीला बोललो नाही. वर्षभर आजेसासऱ्याचं सगळं तिने केलं. जरा झोपू दे बायकोला.

बुध., ४ फेब्रु.
चष्म्याच्या दुकानात पुन्हा तेच. माळ्यावरून फ्रेमचा खोका काढायला शिडी चढलो आणि छातीत फडफड. काउंटरखाली हात धरून नाडी बघत बसलो. समोर गिऱ्हाईक अक्षरांचा तक्ता वाचतंय आणि माझं लक्ष मनगटात. "ह्यात जास्त स्पष्ट की आधीच्यात?" तीनदा विचारलं असेल. शेवटी तोच म्हणाला, "साहेब, तुम्हाला बरं वाटत नाही का?"
बाबा अडतिसाव्या वर्षी गेले. झोपेत. मी त्रेचाळीस. बापापेक्षा मोठा झालोय आणि आता हे.
संजूचा फोन. रविवारी मंडळात शोकसभा. नातू म्हणून मीच बोलायचं. काय बोलू? आख्ख्या लालबागच्या पोरांना त्यांनी कबड्डी शिकवली, मला सोडून.

शनि., ७ फेब्रु.
भाषण जुळवतोय. मालवणहून पोरवयात आले. गिरणीत साळखात्यात मागावर लागले, गिरणीच्या संघात डावा कोपरा सांभाळला. अंगाने काटकुळे, पण घोटा हातात आला की सुटायचा नाही. एकदा एका धिप्पाड पैलवानाने त्यांना मधल्या रेषेपर्यंत फरफटत नेलं, गुडघे सोलले, पण घोटा सोडला नाही. ही गोष्ट मी सगळ्यांकडून ऐकलीय. त्यांच्याकडून कधीच नाही.
गिरणी बंद पडल्यावर प्रभादेवीला वॉचमन. तरी पहाटे ड्युटी सुटली की थेट मैदान. फक्कीने रेषा आखायच्या, पोरं गोळा करायची. ऐंशी पार केल्यावरही जमिनीवर लोळून दाखवायचे, पडायचं कसं.
मी कठड्यावर बसून बघायचो. आठवीत धीर करून एकदा आत उतरलो. सगळ्यांसमोर बाहेर काढलं. "तुझं अंग नाही त्यातलं. अभ्यास कर." त्यानंतर बारकी-बारकी पोरंसुद्धा मला 'अंग नाही' म्हणायची.
हे सभेत सांगायचं नाही.

रवि., ८ फेब्रु.
बोललो. मंडप भरला होता. शेवट असा केला, "अप्पा आयुष्यात कशाला भ्याले नाहीत." टाळ्या वाजवू नयेत अशी जागा, तरी वाजल्या.
खाली उतरलो तर दत्ताआजोबांनी हात धरला. अप्पांच्या संघातले हेच एकटे राहिलेत. म्हणाले, "बरा बोललंस. पण शेवटाक खोटा बोललंस."
विचारणार एवढ्यात माणसं भेटायला आली. आजोबांना त्यांची सून घेऊन गेली.

बुध., ११ फेब्रु.
परळला डॉक्टरकडे जाऊन आलो. घरी सांगितलं, दुकानात माल यायचाय. खोटं किती सहज येतं.
डॉक्टर तरुण मुलगी. कार्डिओग्रामची पट्टी बराच वेळ बघत राहिली. ते बघणंच वाईट.
"वडील कशाने गेले?"
"अटॅकने. झोपेत."
"आधी कधी चक्कर? धावताना, खेळताना?"
"माहीत नाही. मी तेव्हा लहान होतो."
"कुणाला तरी माहीत असेल. विचारून घ्या, महत्त्वाचं आहे." घराण्यातून येणारा एक आजार असतो म्हणाली, हृदयाचा स्नायू जाड होतो. असेलच असं नाही. इकोला चोवीस तारीख मिळाली. तोवर जिने सावकाश.
आई असती तर तिला विचारलं असतं. आता विचारायचं कुणाला? बाबा अप्पांच्याच संघातून खेळायचे. म्हणजे दत्ताआजोबा.

शुक्र., १३ फेब्रु.
दत्ताआजोबांकडे गेलो. खिडकीपाशी बसले होते. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "येतलंस म्हणान माहीत हुता."
सगळं सांगितलं. जिना, शिडी, डॉक्टर. त्यांनी मला जवळ बसवलं. मग त्यांचेच शब्द, आठवतील तसे:
"तुजो बापूस दोनदा मैदानात पडलो हुतो. चढाई करून परत इलो आणि धाडकन पडलो. अप्पान तोंडार पाणी मारल्यान. तुजो आजो म्हणालो, ऊठ, नाटका करू नको. परत उतरवल्यान. दुसऱ्या खेपेकपण तसाच. मगे वर्षाच्या आत पोरगो झोपेत गेलो."
पाणी प्यायले.
"तेव्हापासून तुजो आजो भियालो. तुका मैदानात पाय ठेवूक दिल्यान नाय. अंग नाय तुजा? अंग हुता रे! तुज्या बापाशीसारखाच. माका म्हणालो, दत्त्या, एक घालवलंय, ह्येका घालवूचंय नाय."
मी विचारलं, मला कधी सांगितलं का नाही?
"काय सांगतलो तो? तुज्या बापाशीक मीच मारलंय म्हणान?"
चालत घरी आलो. सावकाश.

शनि., १४ फेब्रु.
शाळकरी असताना सकाळी उठायच्या आधी कधीकधी नाकाखाली कोरडा हात जाणवायचा. फक्कीचा वास. अर्धवट डोळे उघडले तर अप्पा पाठमोरे होऊन बाहेर जाताना दिसायचे. वाटायचं, पांघरूण नीट करत असतील.
श्वास बघत होते.
आज सकाळी ऋतूच्या नाकाखाली मी हात धरला. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीच्या. ती जागी झाली. "बाबा, काय करतोयस?" म्हटलं, डास होता.

मंगळ., १७ फेब्रु.
डॉक्टरला फोन करून बाबांचं सांगितलं.
"मुलं किती?"
"एक मुलगी."
"खेळते?"
"कबड्डी."
"इको होईपर्यंत थांबवा. तिचाही तुमच्याबरोबरच करू. घाबरवत नाहीये, पण थांबवा."
येत्या रविवारी तिची मॅच आहे. किशोरी गट. अप्पांनी शेवटची शिकवलेली पोरगी ती. कॉटवरून बोटांनी दाखवायचे, घोटा कसा धरायचा. मला नाही म्हणाले, तिला कसं शिकवलं? वयामुळे विसरले? की भीती संपली? की वाटलं, पोरगी आहे, हिला काही व्हायचं नाही?
आता कुणाला विचारू.

बुध., १८ फेब्रु.
आज सांगायचंच ठरवून मैदानावर गेलो. सांगता आलं नाही. कठड्यावर बसलो, लहानपणीच्याच जागी.
ती पडली की माझा श्वास अडकतो. उठली की सुटतो. पुन्हा पडली. कोच शेजारी येऊन म्हणाला, "दादा, बघा, अप्पांचीच पकड!" मी मान डोलावली. ती चढाईवरून परतली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभी राहिली. सगळीच पोरं राहतात तशी. मी उठून अर्ध्या मैदानात पोचलोसुद्धा. तिने मान वर केली. "काय?"
"काही नाही. पाणी पी."

शुक्र., २० फेब्रु.
शाळेतल्या नोकरीवरून येऊन वैशाली चहा ठेवत होती, तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला. रडली नाही. "जिन्यावरून माझ्या समोरून उतरलास, आणि मला आज कळतंय?" दोनदा हेच. मग बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली.
आत आली ती शांत. म्हणाली, "ऋतूला हे नको सांगायला. एवढीशी आहे. परीक्षा जवळ आली, अभ्यास कर म्हणू."
म्हटलं, अप्पांनी नेमकं हेच केलं माझ्याशी.
"म्हणून तू जिवंत आहेस कदाचित."
असेलही. पण मी इतकी वर्षं समजत राहिलो की त्यांना माझी लाज वाटते. तिने तसं काही समजू नये.

शनि., २१ फेब्रु.
सांगितलं. वै. शेजारी बसली होती. ऋतू आधी चिडली, बॅग भिंतीवर फेकली. "उद्या मॅच आहे बाबा! उद्या!" मग एकदम बारीक आवाजात, "म्हणजे मी मरणार आहे का?"
"नाही. तपासायचं आहे फक्त."
"मग तू रडतोयस कशाला?"
थोड्या वेळाने, "रिपोर्ट चांगला आला तर खेळू देशील?"
"हो."
"तेव्हापण तुला भीती वाटली तर?"
वै. माझ्याकडे बघत होती. म्हटलं, "तेव्हापण वाटेल." ती म्हणाली, "हे उत्तर नाही झालं."
खरंय.

रवि., २२ फेब्रु.
ती जर्सी घालून गेली आणि बाकावर बसली. हरले, थोडक्यात. घसा बसेपर्यंत ओरडत होती. घरी येताना माझ्याशी बोलली नाही. चाळीचा जिना मात्र माझ्या चालीने चढली, एकेका पायरीला थांबत. मी म्हटलं, तू जा पुढे. गेली नाही.

मंगळ., २४ फेब्रु.
रिपोर्ट उद्या, डॉक्टर बघून सांगणार. आत मशीनवरची मुलगी काही बोलत नव्हती, मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न केला. जमलं नाही.
डोक्यात राहिलंय ते त्याआधीचं. बाहेर बाकड्यावर आम्ही तिघं. वै. फाईल घेऊन काउंटरला गेली. ऋतू समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "बाबा, तुला भीती वाटतेय?"
"हो."
"खूप?"
"खूप."
"बरं," म्हणाली आणि माझ्याकडे सरकून बसली.
दार उघडून सिस्टरने नुसतं आडनाव पुकारलं. "परब?"
आम्ही दोघंही उभे राहिलो.