गाळलेल्या चार ओळी

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

संगीतशाळेतल्या नोकरीसाठी काल पियानो वाजवला. संपल्यावर परीक्षक म्हणाले, तिसऱ्या पानावरच्या चार ओळी तुम्ही गाळल्यात. मी ठणकावून सांगितलं, शक्यच नाही, माझ्या भावाने वाजवून पाठवलेल्या कॅसेटवरून बसवलंय. मागे कुणीतरी हसलं. त्यांनी त्या रचनेच्या स्वरलिपीची ब्रेल प्रत माझ्या हातात दिली. बोटांनी वाचलं. ओळी आहेत, आणि सगळ्यात अवघड त्याच आहेत. तुला जमल्या नाहीत म्हणून गुपचूप पुढे गेलास ना? हिला दिसत नाही, कळणार कसं, असंच ना?

उत्तर टाळू नकोस. घरमालकीणबाई वाचून दाखवतील.

तुझी,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

परक्या बाईसमोर माझी अब्रू काढायची हौस फिटली असेल तर ऐक. नऊ वर्षं ऑफिसातून दमून आल्यावर तुझ्यासाठी पियानोवर बसलो. करंगळी आखडली होती, नाही जमल्या त्या ओळी. तुझं वाजवणं म्हणजे माझीच नक्कल, चार ओळींनी असं काय बिघडलं? ब्रेलमधून शिकायचा कंटाळा तुझा, खापर माझ्यावर! आई दोन दिवस धड जेवली नाही. तिच्यासाठी तरी तोंड आवर.

दादा

२ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न.

कंटाळ्याचं तू खरं बोललास. म्हणून सगळं ब्रेलमधून नव्याने शिकले. डाव्या हाताने वाचायचं, उजव्याने वाजवायचं, मग उलट, आणि शेवटी दोन्ही बाजू डोक्यातच जुळवायच्या. एकेका ओळीला तास तास. तू जिथे धावायचास, तिथे चक्क ‘सावकाश’ लिहिलंय! इतकी वर्षं मी तुझी घाई वाजवत होते. काल परीक्षकांनी पुन्हा ऐकलं. तिथे मी माझ्या मनाने थांबले. नोकरी मिळाली.

आई फोनवर म्हणाली, मोठा आहे, सोडून दे. मी म्हटलं, चुकलो एवढं म्हणू दे, सोडते. तुझं पत्र बाईंकडून दोनदा वाचून घेतलं. वाटलं, त्यांच्या नजरेतून तो शब्द सुटला असेल, म्हणून तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

कॅसेट पाठवू नकोस. लोभाचं काय करायचं, ते तूच ठरव.

धाकटी