सुनंदा येऊन गेली त्याची हकीकत

बालाघाट, मार्गशीर्ष, १९८६

ती. सौ. सुनंदाताईंना कालिंदीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच पोचला समजा.) तुमचे गुडघे आता बरे असतील. इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

बाबांचा विसरभोळेपणा कमी झाला काय, असं तुम्ही विचारलंत. मामाजी विसरभोळे राहिलेच नाहीत, ताई. विसरायलाही काही शिल्लक लागतं. मला ते सकाळी कामावर ठेवतात आणि संध्याकाळी चोरीचा आळ घेऊन काढून टाकतात. तुमचे बंधू दौऱ्यावर असतात. (दौरे आजकाल फार वाढलेत.)

तर गेल्या सोमवारी तुमच्याच नागपूरहून अहिल्या नावाची मुलगी आली. समाजकार्याच्या कॉलेजात शिकते. अशा भ्रमिष्ट म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या घरच्यांना किती ताण पडतो नि ते तो कसा सोसतात, यावर तिचा प्रबंध आहे. पाहुण्यांना हट्टा गावची जुनी पायऱ्यांची बावडी पाहून या म्हणतात ना, तसं डॉक्टरांनी तिला आमचं घर सुचवलं. तिनं पहिलंच विचारलं, तुमची तब्येत कशी असते? मला वाटलं, मामाजींचीच विचारते आहे. तुमचीच, म्हणाली, तेव्हा मी अशी बोलत सुटले की मामाजी दार उघडून केव्हा गेले ते कळलंच नाही.

दोघी धावलो. बसस्टँडवर परसवाड्याच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते, बनियनवर कोट घालून. जंगलखात्याच्या तपासणीला निघाले होते म्हणे. मी हात धरला तर साऱ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे बाई मले उपाशी ठेवते. इले कोणी ओळखता काय?" कोणीच ओळखत नव्हतं. एका म्हातारीनं मला हिंदीतून शापही दिला. मी उतरून खाली फरशीवर बसले. खरं सांगते, वाटलं, जाऊ द्यावी बस. (हे लिहू काय, असं अहिल्येनं नंतर विचारलं. म्हटलं, लिही.)

तेवढ्यात मामाजींनी अहिल्येला पाहिलं. "सुनंदा," म्हणाले, "तू काहून आली वं उन्हाची? चाल, घरी चाल." तिचा हात धरून मुकाट उतरले. घरी आपल्या ताटातला वरणभात कालवून तिला भरवला. पोरगी घास गिळता गिळता रडायला लागली. मग मीच तिला चहा करून दिला, समजावलं. जाताना तिनं विचारलं, ताण असह्य झाला की तुम्ही काय करता? म्हटलं, स्टोव्हला पंप मारते. त्या आवाजात रडलेलं बाहेर जात नाही.

बाकी कुशल.

तुमची,
कालिंदी

ता. क. पंधरा दिवस येऊन राहा. मला कुठं जायचं नाही, नुसतं झोपायचं आहे.

ता. क. सुनंदा येऊन गेली, असं मामाजी गल्लीभर सांगतात. तेव्हा आलात की आपण कोण, ते दारातच सांगा. त्यांनी नाही ओळखलं तर मनाला लावून घेऊ नका. परक्यांशी ते फार चांगले वागतात.