झाकणाच्या लोटीबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंद्याने सुईण, आता निवृत्त, अविवाहित, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. मन स्वस्थ असल्याचा दाखला त्यांनी दिला नाही, मीही मागितला नाही. हा कागद मी तिसऱ्यांदा लिहायला घेतला आहे. आधीचे दोन शेगडीत गेले. हा तरी टिकावा अशी इच्छा आहे, हमी देत नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, मोरी आणि मागचा ओटा, माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला द्यावे. माझ्या या पुतणीचा देवावर विश्वास नाही आणि ती हे चारचौघांत, तेही पाळकांसमोर, खणखणीत आवाजात सांगते. तिच्या आत्म्याची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी तिच्या छपराची वाहते. मागच्या दाराची कडी आधी वर उचलावी लागते, मग ओढावी लागते. ती सुताराकडून नीट करून घेऊ नये. तिला तशीच सवय आहे.

कलम २. कामाची पेटी दवाखान्यातल्या नव्या परिचारिकेला द्यावी. तीत तागडी, नाळेची कात्री, बाळाच्या घशातले ओढून काढायची रबरी नळी आणि पोटावर टेकवून ठोके ऐकायचे लाकडी नळकांडे आहे. ते नळकांडे पाहून ती पहिल्या दिवशी फिदीफिदी हसली होती. मग एकदा वीज गेली, तिचे यंत्र बंद पडले आणि बाईसाहेब धावत माझ्या दारात. तेव्हापासून ती मला शहाणी वाटते.

कलम ३. भिंतीवरचे घड्याळ शेजारच्या घड्याळजींना परत करावे. त्यांनी ते नऊ वेळा दुरुस्त केले आणि ते अजून दहा मिनिटे मागे पडते. घड्याळजींच्या पंथाचे म्हणणे असे की कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवाने जग घडवण्याआधीच ठरवून ठेवले आहे, माणसाच्या हातात काही नाही. मी एकदा विचारले, "मग घड्याळं कशाला दुरुस्त करता?" तर म्हणाले, "मी दुरुस्त करायचं हेही ठरलेलंच आहे, बाई." मी म्हटले, "आणि त्याने मागे पडायचं?" "तेही." अशा माणसाशी वाद घालण्यात माझी वीस वर्षे मजेत गेली. याबद्दल त्यांची आभारी आहे.

कलम ४. पुढच्या खोलीतली एक पाय आखूड असलेली खुर्ची आमच्या जुन्या पाळकांना द्यावी. ते आता निवृत्त आहेत, पण तब्येत ठणठणीत आहे. धोबिणीचे बाळ मी पोहोचण्याआधीच गेले होते. बाप्तिस्म्याचे पाणी मिळाले नाही म्हणून यांनी त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर, गवतात पुरायला लावले. धोबीण भिंतीला हात लावून उभी होती, तेव्हा हे छत्री झटकत होते. त्या खुर्चीवर बसून त्यांनी जरा डुगडुगावे.

कलम ५. झाकणाची लोटी चर्चला द्यावी.

कलम ५ रद्द. पुन्हा लिहिते.

कलम ५. झाकणाची लोटी कोणालाही देऊ नये, माझ्याबरोबर पुरावी.

हेही रद्द. या लोटीपाशीच आधीचे दोन कागद अडले. तेव्हा ती काय आहे ते आधी सांगते आणि मग काय करायचे ते ठरवते.

आमच्या जुन्या चर्चची शिकवण अशी की नुकते जन्मलेले मूलही पहिल्या माणसाचे पाप घेऊन येते आणि ते बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतले जाते. मूल दगावतेय आणि पाळक जवळ नाहीत अशी वेळ आली, तर सुईणीने पाणी घालायची परवानगी आहे. कपाळावर तीनदा, नेमलेले शब्द म्हणत. म्हणून प्रत्येक बाळंतपणाला मी उकळून गार केलेल्या पाण्याची ही लोटी झाकण लावून उशाशी ठेवत असे. त्यावरून मला गल्लीत लोटीबाई म्हणत. चाळीस वर्षांत सतरा बाळांना मी पाणी घातले. त्यांतली अकरा गेली आणि ती अकराही भिंतीच्या आत आहेत.

माझा धाकटा भाऊ, त्याला मीच वाढवला, पंचविशीत रस्त्यापलीकडच्या सभागृहात जाऊ लागला. त्यांचे म्हणणे उलटे. बाप्तिस्मा त्यालाच, ज्याला कळते आणि जो स्वतःच्या तोंडाने हो म्हणतो. तान्ह्या मुलावर पाणी घालणे ही त्यांच्या मते जबरदस्ती. आम्ही या विषयावर इतके भांडलो की भांडी वाजली नाहीत एवढेच. वहिनी मात्र मनाने जुन्या चर्चचीच राहिली. नवऱ्याबरोबर सभागृहात बसायची आणि ओठांतल्या ओठांत आमच्या प्रार्थना म्हणायची.

तिच्या पहिल्या खेपेला, भर दुपारी, भावाने मला दाराबाहेर थांबवले.

"ताई, काही झालं तरी पाणी घालायचं नाही. वचन दे."

"आणि त्याला तशीच वेळ आली तर?"

"तर तो देवाचाच आहे. तुझ्या लोटीवर देव अडून बसलेला नाही."

मी वचन दिले. आत गेले, तर वहिनीने माझे मनगट धरले. "ताई, तशी वेळ आली तर पाणी घालाल ना? मला तेवढं सांगा." मी तिलाही हो म्हटले. दोन्ही वचने मनापासून दिली होती. तशी वेळ येणार नाही अशी माझी खात्री होती.

तशी वेळ आली. मुलगा निळा जन्मला. मी नळीने घसा मोकळा केला, तोंडाला तोंड लावून फुंकत राहिले, दोन बोटांनी छाती दाबत राहिले. लोटी उशाशी होती. मधे एकदा त्याने श्वास घेतला, एकच. तेव्हा माझा डावा हात मोकळा होता.

ते मी एकतीस वर्षे घोळवते आहे. डावा हात मोकळा होता. एका हाताचे काम होते, त्याच हाताने मी आधी कितीदा तरी केले होते. मग का नाही केले? भावाचे वचन आठवले म्हणून? की तो जगेलच अशी हाव सुटली म्हणून? की पाणी घातले म्हणजे त्याला आपण हातचा सोडला असे होईल, ही भीती? मी ठरवले, की माझ्याकडून तसे झाले? मोठमोठे धर्मपंडित माणसाच्या इच्छेवर जन्मभर वाद घालतात. मला त्या एका हाताचेही उत्तर सापडत नाही. घड्याळजींना विचारले असते तर ठरलेले उत्तर मिळाले असते, म्हणून विचारले नाही.

तो गेला. मी लोटी मोरीत नेऊन रिकामी केली, रिकामी परत आणली आणि वहिनीला दिसेल अशी ठेवली. तिने विचारले, "घातलंत?" मी म्हटले, "घातलं." भावाने अंगणात विचारले, "घातलंस?" मी म्हटले, "नाही." त्याला खरे सांगितले आणि तिला खोटे. पाळकांकडे रजिस्टरमध्ये सही केली ती खोटीच. त्या सहीवर मुलगा भिंतीच्या आत गेला, आणि धोबिणीचा बाहेर आहे.

भावाने त्यानंतर तो विषय माझ्याशी काढला नाही. दर वर्षी त्या तारखेला वहिनी आत कबरीपाशी जायची आणि तो फाटकाबाहेर उभा राहायचा, टोपी हातात घेऊन. एकदाही आत आला नाही. मी मनात म्हणायचे, केवढा हा ताठा, स्वतःच्या लेकराच्या मातीपर्यंतसुद्धा तत्त्व आडवे येते. याबद्दल मी त्याच्यावर डूख धरला, थेट तो जाईपर्यंत. त्याला जाऊन सहा वर्षे झाली.

म्हणून कलम ५ असे: रजिस्टरमधली नोंद माझ्या खोट्या सहीची आहे, हे चर्चला लेखी कळवावे. मला भिंतीबाहेर गवतात, धोबिणीच्या मुलाच्या बाजूला पुरावे. वहिनीला हे सगळे मी गेल्यानंतरच...

इथे थांबले. मेल्यावर वकिलाच्या तोंडून तिला कळवायचे, हा शुद्ध भेकडपणा झाला.

यापुढचा मजकूर तीन दिवसांनी लिहीत आहे. अजूनही शुद्धीतच आहे.

मी वहिनीकडे गेले. ती खिडकीशी बसून उशीचे अभ्रे शिवत होती. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले, मोकळ्या हातासकट, मोरीसकट. ती सुईत दोरा ओवत होती, तो तिने ओवून घेतला, मग वर बघितले.

"मला माहीत आहे, ताई."

"काय माहीत आहे?"

"पाणी घातलं नव्हतं ते. यांनी त्याच आठवड्यात सांगितलं. म्हणाले, तू खोट्यावर टेकून बसावंस हे मला बघवत नाही. मी दोन दिवस जेवले नाही. मग यांना म्हटलं, ताईंना कळू द्यायचं नाही की आपल्याला कळलंय."

मी म्हटले, "एकतीस वर्षं? अगं, मी रोज मरत होते."

"ते मला कुठे ठाऊक? मला वाटलं, मला आधार दिल्याचं तुम्हाला तरी बरं वाटत असेल. ते कशाला काढून घ्यायचं?" मग म्हणाली, "रागही होता. खोटं नाही सांगत. पुढच्या खेपेला, पोरीच्या वेळी, मी दुसरी सुईण बोलावली होती, आठवतंय? तुम्ही गावाला गेल्या आहात असं सगळ्यांना सांगून. पण त्याला श्वास यावा म्हणून तुम्ही किती वेळ फुंकत होतात ते मी पडल्यापडल्या बघत होते. तुमचे ओठ फुटले होते. राग धरायचा तर कशावर धरू?"

"आणि तो फाटकाबाहेर उभा राहायचा ते?"

"म्हणायचे, खोट्या सहीने उघडलेल्या जागेत मी पाय ठेवणार नाही. पण पाळकांना सांगणारही नाही, ते माझ्या पोराला उकरून बाहेर काढतील. उभे राहून रडायचे. तुम्ही तिकडे बघायच्याच नाहीत."

मी खरेच बघत नव्हते. रागाने मान फिरवून घेत होते. त्या माणसाला मी कडेवर खेळवला होता. तो सहा वर्षांपूर्वी गेला आणि मी त्याची माफी कागदावर मागते आहे. भाऊ, चुकले मी.

मी वहिनीला विचारले, "मग तुला काय वाटतं? पाण्याशिवाय गेला तो. तरला असेल का?"

ती म्हणाली, "मी सगळ्यांचं ऐकलं. यांच्या सभागृहाचं, आपल्या पाळकांचं, तुमच्या घड्याळजींचंसुद्धा. त्या पोराने काय करायचं होतं, सांगा ना? हो म्हणायला तोंड फुटलं नव्हतं, नाही म्हणायलाही नाही. तो देवाच्या हातात नसेल, तर मग त्या हातात आहे तरी कोण?" आणि पुन्हा शिवायला लागली. जरा वेळाने म्हणाली, "बसा. किती वेळ उभ्या आहात."

मी बसले. अजूनही माझे मन स्वस्थ नाही. डाव्या हाताचे उत्तर मिळालेले नाही, मिळेल असे वाटतही नाही. पण कागद पुरा करायचा आहे.

कलम ५, शेवटचे. झाकणाची लोटी वहिनीला द्यावी. तिने मागितली आहे. कबरीवर जे रोप लावले आहे, त्याला पाणी घालायला हवी म्हणाली. जाताना एक लोटी भिंतीबाहेर गवतातही घालणार आहे.

कलम ६. रजिस्टरची नोंद खोटी आहे हे चर्चला माझ्या मृत्यूनंतर लेखी कळवावे. वहिनीची याला संमती आहे. ती म्हणते की सध्याचे पाळक तरुण आहेत आणि धोबिणीच्या मुलाचे जे झाले त्याची त्यांना लाज वाटते. तरीही त्यांनी मुलाला हलवायचे ठरवलेच, तर पुतणीने तिथे हजर राहून तिच्या त्या खणखणीत आवाजाचा उपयोग करावा.

कलम ७. माझे दफन. मी भिंतीबाहेरची जागा मागितली होती, ती माझी शिक्षा म्हणून. वहिनीने हे वाचले आणि ओळ खोडायला लावली. तिच्या मुलाच्या उजव्या अंगाची जागा तिने स्वतःसाठी राखली होती. डावीकडची भावासाठी राखलेली होती. तो सभागृहाच्या दफनभूमीत गेला, तेव्हापासून ती मोकळी आहे. ती मला द्यायची असे तिने ठरवले आहे. मुलाला बाहेर काढले तर आम्हा दोघींनाही त्याच्याजवळ बाहेरच पुरावे. त्या जागेवर माझा काही हक्क नाही, हे मी तिला दोनदा सांगितले. ती म्हणाली, "हक्क कोण विचारतंय? येणार का ते सांगा."

मी हो म्हटले.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. खाडाखोड माझीच आहे, तिच्याखालीही सही धरावी. तिसरा कागद जाळलेला नाही.

सही: लोटीबाई, सुईण

साक्षीदार १: शेजारचे घड्याळजी. (मजकूर वाचला नाही, फक्त सही पाहिली. वेळ माझ्या घड्याळाप्रमाणे चार वाजून वीस मिनिटे, बाईंच्या घड्याळाप्रमाणे दहा मिनिटे आधी.)

साक्षीदार २: कोपऱ्यावरची शिंपीण.

स्थळ: राहते घर, मागची खोली, टेबल.
तारीख: मार्च महिन्याची अकरा, मंगळवार. मुलाची तारीख हीच. सही झाल्यावर वहिनी आणि मी तिकडेच निघालो आहोत.