डाग नको, सुई हवी

४ नोव्हेंबर
नांदेड सुटलं एकदाचं! निलंग्याजवळ गुळाच्या कारखान्यात उसाच्या गाड्या वजन करायच्या काट्यावर नोकरी, आणि खोली रत्नम्माच्या अंगणात. बाईला लेकीची लई हौस. आल्या आल्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी अन् आडाचं गार पाणी पुढं केलं. पाणी जरा गढूळ होतं. म्हटलं चालतंय, आपलं पोट दगड पचवणारं हाय. रत्नम्मा पोट धरून हसली.

१९ नोव्हेंबर
हुडहुडी भरून ताप. उजव्या बरगडीखाली दुखून राहिलंय, खोकलं की खांद्यापर्यंत कळ जाते. लातूरला जाऊन रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, घाण पाण्यातून अमीबा पोटात गेला, तिथून लिव्हरमध्ये, आणि तिथं पुवाचं गळू झालंय. गोळ्या दिल्या, अर्ध्यात सोडू नका म्हणाले. ताप परतला तर सुईनं पू काढावा लागेल, काकवीच्या रंगाचा निघतो. आता गूळ खायची सोय राहिली नाही.

२४ नोव्हेंबर
ताप उतरला. गोळ्यांनी तोंडात लोखंड चघळल्यागत चव येते. उरलेल्या दिल्या फेकून. अंग माझं, मर्जी माझी.

३० नोव्हेंबर
ताप परत, आधीपेक्षा जास्त. रत्नम्मा म्हणते, विळा तापवून बरगडीवर डाग दिला की आतलं जळून जातं. तिच्या पोरानं, वीरभद्रनं, सदरा वर करून स्वतःचा डाग दाखवला. काट्यावर माझ्या आधी होता त्या क्लार्कलाही दिला होता म्हणे. तो वाचला का विचारलं, तर वीरभद्रनं सदरा खाली ओढला. मी तोंडावर सांगितलं, मला हात लावून तर बघा.

१ डिसेंबर
लातूरची एसटी धरायला निघाले — दाराला बाहेरून कडी. रत्नम्मा पलीकडून रडते. पोरी, दवाखान्यात तुला मरू देणार न्हाई म्हणते. खोटं रडत नाही ती, म्हणूनच मला भीती वाटते. १०८ ला फोन केला.

दुपार
बाहेर चूल पेटलीय, विळा तापत ठेवलाय. खाट दाराला लावली — श्वास अर्धाच येतो — मी नाही झोपणार त्यांच्यापुढं —

१०८ ची गाडी आली. रत्नम्मा ड्रायव्हरला सांगते, पोरगी बरी झाली, उगं त्रास दिला तुम्हाला. तो हो म्हणाला. गाडी वळवतोय —

ओरडले तर आत गळू फुटेल. फुटू दे. मी ओर—